आधी कंदील सोडून बघा

आत्याच्या सासरी, सांगलीजवळच्या हरिपूरला, घरामागं हळदीची दोन पेवं होती. ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली घागरीसारखा फुगत गेलेला खोल खड्डा, आत हळकुंडांची रास आणि तोंड पक्कं बंद. कृष्णाकाठच्या त्या घट्ट मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. लागणार कशी? किड्याला जगायला आत हवाच उरायची नाही. २००५ च्या महापुरानंतर त्यातली बरीच पेवं गेली, आत्याकडची दोन्हीही गेली.

पेव उघडायचं त्या दिवशी आम्हा पोरांना लांब बसवायचे. तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचा. तळापर्यंत जळत राहिला तर हमाल उतरणार. विझला तर कुणीही उतरायचं नाही, मालक कितीही घाईत असो. बंद पेवात प्राणवायू संपलेला असतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी बसलेला असतो. तिथं घाईनं उतरलेला माणूस वर यायचा तो दुसऱ्यांनी ओढून काढल्यावरच.

आत काय चाललंय हे आत न उतरता, तिथल्या हवेवरून ओळखायचं, एवढीच त्या कंदिलाची युक्ती. छातीच्या डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं. फुफ्फुसात शिरून बघायचं म्हणजे घशातून दुर्बीण घालायची किंवा सुईनं तुकडा काढायचा. दोन्ही गोष्टी रोज करण्यासारख्या नाहीत. पण फुफ्फुसाचं एक बरं आहे. पेवाचं तोंड आपल्याला उघडावं लागतं, फुफ्फुस मात्र आपली हवा स्वतःच मिनिटाला बारा-पंधरा वेळा बाहेर टाकतं. फुकट. मग ती हवा तपासून दमा, क्षय, कर्करोग ओळखता येईल का?

थोडं येतं, बरंचसं अजून येत नाही. का, ते जरा तपशिलात बघू.

एका श्वासात काय काय असतं

आपण आत घेतो त्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो, बाहेर सोडतो तीत साधारण १६ टक्के. कार्बन डायऑक्साइड आत जाताना नावाला असतो, बाहेर येताना चार-पाच टक्के. नायट्रोजन ७८ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ जसा गेला तसा परत. शिवाय भरपूर वाफ. थंडीत महाबळेश्वरला तोंडातून धूर निघतो तो हाच. पण इथवरचं सगळं मोठ्या मापाचं झालं. आजाराच्या खुणा असतात त्या उरलेल्या चिमूटभरात.

ही चिमूट येते रक्तातून. फुफ्फुसाच्या टोकाला तीसेक कोटी इवल्या पिशव्या असतात, वायुकोश. सगळ्या उलगडून पसरल्या तर सत्तर चौरस मीटर भरतील, म्हणजे सांगलीतला एक बऱ्यापैकी टू बीएचके फ्लॅट. त्या पिशव्यांची भिंत इतकी पातळ की एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला हवा आणि मध्ये केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी पडदा. रक्तात जे काही उडून जाण्यासारखं असेल ते इथून हवेत उतरतं. यकृतात, स्नायूंत, आतड्यात तयार झालेली रसायनं रक्तातून इथवर येतात आणि फुंकरीबरोबर निघून जातात. माणसाच्या श्वासात अशी आठशेहून जास्त उडनशील संयुगं नोंदली गेली आहेत. फुफ्फुसाचं स्वतःचं काही असेल तर तेही त्यांतच मिसळलेलं.

प्रमाण मात्र फार बारीक. इथलं माप पीपीबी, म्हणजे अब्ज भागांत एक भाग. दहा हजार लिटरचे पाण्याचे पाच टँकर ओळीनं उभे करा. पाचही टँकरांत मिळून शाईचा एक थेंब टाका. झालं एक पीपीबी. दम्याच्या तपासणीत डॉक्टर २५ आणि ५० पीपीबीत फरक करतात, म्हणजे पाच टँकरांत पंचवीस थेंब आहेत की पन्नास, हा प्रश्न.

तुलनेसाठी दारूची गोष्ट घ्या. कराडच्या अलीकडे-पलीकडे हायवेवर पोलीस तोंडाशी नळी धरतात तीही श्वासचाचणीच. रक्तातली दारू आणि श्वासातली दारू यांचं प्रमाण साधारण २१०० ला १ धरलेलं असतं. आपल्याकडं गाडी चालवणाऱ्याला १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. त्यावरून हिशेब केला तर त्या माणसाच्या श्वासात पाऊण लाखाहून जास्त पीपीबी दारू निघते. पोलिसाचं यंत्र ढोल ऐकतं, डॉक्टरांच्या यंत्राला त्याच गर्दीत टाचणी पडल्याचा आवाज ऐकायचाय.

नाकापासून यंत्रापर्यंत

कल्पना जुनीच आहे. मधुमेह फार चिघळला की तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, तो ॲसिटोनचा. यकृत निकामी होत आलं की एक कुबट गोडसर वास, मूत्रपिंड गेलं की अमोनियाचा. जुने वैद्य-डॉक्टर नाडी हातात घेतानाच रोग्याच्या तोंडाजवळ किंचित वाकायचे, ते उगाच नव्हे.

नाकाच्या पुढं जायला १९७१ साल उजाडलं. लायनस पॉलिंग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं, ज्याच्या नावावर तोवर दोन नोबेल पारितोषिकं होती, माणसाचा श्वास अतिथंड नळीत गोठवून साठवला, मग तापवून यंत्रातून सोडला. श्वासाच्या एका नमुन्यात अडीचशेच्या आसपास वेगवेगळे पदार्थ असल्याचं त्यात दिसलं. तेव्हापासून गेली पन्नास वर्षं माणसं या अडीचशेंच्या गर्दीत आजाराचा चेहरा शोधतायत.

ते वेगळे कसे करतात? कल्पना करा, सांगलीच्या गणपती पेठेच्या एका तोंडाशी शंभर माणसं एकदम सोडलीत. कुणी कुठंच न थांबता सरळ चालत जाईल, कुणी दर दुकानात डोकावेल, कुणी हळदीच्या अडत्याकडं चहा घेत बसेल. दुसऱ्या टोकाला माणसं एकेक करून, वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतील. गॅस क्रोमॅटोग्राफ हेच करतो. केसासारखी बारीक, कित्येक मीटर लांब नळी आणि तिच्या आतून एक लेप. काही रेणू त्या लेपाला चिकटत-सुटत उशिरा येतात, काही लगेच. मग दाराशी मास स्पेक्ट्रोमीटर उभा असतो. तो बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला फोडतो, तुकड्यांचं वजन करतो आणि तुकड्यांवरून नाव सांगतो. उत्तर खात्रीचं, पण यंत्र महाग, चालवायला शिकलेला माणूस लागतो, आणि एका नमुन्याला सहसा अर्धा-पाऊण तास.

याला स्वस्त पर्याय म्हणून 'इलेक्ट्रॉनिक नाक' नावाचा प्रकार आहे. त्यात डझनभर संवेदक असतात आणि प्रत्येक संवेदक कशाकशाला थोडा-थोडा प्रतिसाद देतो. ते कुठला पदार्थ आहे हे सांगत नाही, फक्त 'हा वास त्या वासासारखा आहे' एवढंच सांगतं. आपलं नाकही याहून वेगळं काय करतं म्हणा.

आत्याची फुंकर

आता जी चाचणी प्रत्यक्ष दवाखान्यात आहे तिच्याकडं येऊ, कारण तिथं मी स्वतः बाजूला उभा होतो.

आत्याला वर्षभर खोकला. रात्री जास्त, पहाटे छातीत घरघर. तिनं आधी हळद-दूध केलं, मग ज्येष्ठमध, मग गल्लीतल्या कुणीतरी सांगितलेलं पातळ औषध. शेवटी मी तिला मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली विल्यम वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरानं इथं इस्पितळ सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातनंसुद्धा माणसं इथं येतात.

तिथल्या मुलीनं आत्याच्या हातात एक नळी दिली. आत्यानं सवयीनं गाल फुगवून जोरात फुंकलं. यंत्र लाल झालं.

"मावशी, चूल फुंकल्यागत नको," ती मुलगी म्हणाली. "चहा निवायला फुंकर घालता ना, तशी. हळू, एकसारखी. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

तिसऱ्या खेपेला जमलं. दहा सेकंद संथ फुंकर. पडद्यावर आकडा आला, ६२.

हा आकडा नायट्रिक ऑक्साइडचा, पीपीबीत. चाचणीला दवाखान्यात 'फेनो' म्हणतात. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन, बस. गाडीच्या धुरात सापडणारा वायू. तोच आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती संदेश द्यायला वापरतात, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. १९९१ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांना तो माणसाच्या श्वासात सापडला आणि दोनच वर्षांत लक्षात आलं की दम्याच्या रोग्यांच्या श्वासात तो जास्त असतो.

का जास्त? दम्याच्या एका मोठ्या प्रकारात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला ॲलर्जीसारखी सूज असते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथं गर्दी करतात. ती गर्दी जमवणारे जे रासायनिक निरोप असतात, तेच अस्तराच्या पेशींतलं नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर (एन्झाइम) चालू करतात. सूज वाढली की वायू वाढला. आणि हीच सूज स्टेरॉइडच्या पंपानं उतरते. म्हणून मोठ्या माणसांत आकडा ५० च्या वर असेल तर पंपाचा उपयोग होण्याची शक्यता चांगली, २५ च्या खाली असेल तर कमी, मधे असेल तर बाकीचं सगळं बघून ठरवायचं. मुलांसाठी हेच आकडे ३५ आणि २०.

आणि हळू का फुंकायचं? इथं मला सांगलीचंच उदाहरण सुचतं. क्षारपड रानातून पाट काढलाय असं समजा. पाणी धो-धो सोडलं तर ते जसं गेलं तसं गोडं बाहेर पडतं. संथ सोडलं तर कडेचं मीठ विरघळत जातं आणि शेवटाला खारट होतं. श्वासनलिकेच्या भिंतीतून नायट्रिक ऑक्साइड असाच झिरपत असतो. जोरात फुंकलं तर हवेला तो गोळा करायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. जगभरातल्या डॉक्टरांनी मिळून वेग ठरवून टाकलाय, सेकंदाला ५० मिलिलिटर. नळीत मुद्दाम थोडा अडथळाही असतो. त्या दाबानं टाळूचा मागचा पडदा वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत हाच वायू कितीतरी पट जास्त असतो. तो मिसळला तर छातीचा आकडा नाकाचा होऊन बसेल.

चाचणीच्या आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, बिडी-सिगारेट नाही. ओढणाऱ्याचा आकडा खाली जातो, बीट-पालकासारख्या नायट्रेटवाल्या भाज्यांनी वर जातो. जोरात फुंकायची दुसरी चाचणी, स्पायरोमेट्री, करायची असेल तर फेनो तिच्या आधी, कारण जोरात फुंकल्यावरही आकडा उतरतो. एका साध्या वायूच्या मागं एवढी पथ्यं.

ही चाचणी का टिकली, याचं माझ्या मते कारण असं की ती फार थोडं विचारते. 'तुम्हाला कोणता आजार आहे' हे ती विचारतच नाही. 'या नळ्यांना पंपानं उतरेल अशी सूज आहे का' एवढाच तिचा सवाल. एकच रेणू, तो कुठून येतो ते माहीत, आणि उत्तर आल्यावर काय करायचं तेही माहीत. पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूची श्वासचाचणी अशीच आहे. कार्बन-१३ ची खूण लावलेला युरिया प्यायला देतात. जंतू असेल तर तो हा युरिया फोडतो, आणि खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो. तिथंही सवाल एकच, जंतू आहे की नाही.

कर्करोगाचा वास

फुफ्फुसाच्या कर्करोगात असा एकटा साक्षीदार अजून कुणाला सापडलेला नाही. आशा मात्र पोकळ नव्हती. पेशींवर ताण आला की त्यांच्या पडद्यातली चरबी खवट होते. आपण डब्यात जुनं झालेलं शेंगदाण्याचं कूट हुंगून ओळखतो, तीच गोष्ट. त्यातून इथेन, पेंटेन यांसारखे हलके वायू सुटतात. कर्करोगाच्या पेशींची चयापचयाची रीतही वेगळी. मग श्वासात त्यांची छाप उमटायला हवी. शिकवलेल्या कुत्र्यांना रोग्यांच्या श्वासाचे नमुने हुंगायला दिले तर ते बऱ्यापैकी ओळखतात, असा एक अमेरिकी अभ्यास २००६ मध्ये आला आणि खूप गाजला.

अडचण अशी की खवटपणा ही काही एकट्या कर्करोगाची मालकी नव्हे. सिगारेट ओढणाऱ्याच्या फुफ्फुसात तो असतो, सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याच्या आजारात, असतो, साध्या न्यूमोनियातही असतो. म्हणून संशोधक एका रेणूवरून दहा-वीस रेणूंच्या 'ठशा'वर आले. कॉम्प्युटरला रोग्यांचे आणि निरोगी माणसांचे नमुने दाखवायचे आणि फरक त्यालाच शोधू द्यायचा.

आता हा प्रयोग आपल्याकडं करायचा असं धरू. रोगी कोण येतील? तासगावकडचा बेदाण्याच्या शेडवर काम करणारा, जिथं द्राक्षांना गंधकाची धुरी देतात. गुऱ्हाळावर चुलवाणाशी चिपाड घालून घालून डोळे लाल झालेला. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल, ज्याच्या कपड्यांतून, केसांतून हळदीच्या तेलाचा वास जात नाही. हळदीचा तो वासही उडनशील संयुगांचाच की! स्वयंपाकघरात तीस वर्षं चूल फुंकलेली बाई. रात्रभर उशाशी डासांची कॉइल जाळून झोपलेला. सकाळी येताना मोटारसायकलवर पेट्रोल भरून आलेला. आणि हे सगळे दवाखान्याच्या ज्या खोलीत बसलेत तिथं नुकतीच स्पिरिटनं फरशी-टेबलं पुसलीत.

यातलं बाहेरचं वजा करता येईल असं वाटतं. खोलीच्या हवेचा नमुना घ्या आणि श्वासातून कमी करा. पण शरीर म्हणजे आरसा नाही. चरबीत विरघळणारे पदार्थ शरीर धरून ठेवतं आणि तासनतास, कधी कधी दिवसच्या दिवस, थोडेथोडे सोडत राहतं. काल सकाळी घेतलेला धूर आज दुपारच्या फुंकरीत येतो. काल खाल्लेल्या संत्र्याच्या सालीतलं लिमोनीनही येतं. आता गंमत बघा, हेच लिमोनीन यकृताच्या सिऱ्होसिसमध्येही श्वासात वाढतं, कारण बिघडलेल्या यकृताला ते मोडून टाकता येत नाही. आजार आणि नागपुरी संत्रं यांची खूण एकच.

यापेक्षा वाईट चूक नकळत होते. समजा सगळे रोगी वॉर्डातून घेतले आणि निरोगी माणसं ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांतून. कॉम्प्युटर फरक शोधेल, हमखास शोधेल. पण तो फरक वॉर्डात पुसलेल्या जंतुनाशकाचा असेल. निकाल कागदावर झकास, आणि दुसऱ्या गावात नेला की फसला. रेणू शेकड्यांनी आणि माणसं पन्नास-साठ असली की योगायोगानंच काही ना काही 'सापडतं'. वर्गात चाळीस पोरं आणि हजार प्रश्नांची प्रश्नपत्रिका असेल, तर निव्वळ नशिबावर कुठल्या तरी पाच प्रश्नांत निळ्या शर्टवाले पुढं दिसणारच. त्यावरून निळा शर्ट घाला असं कुणी म्हणत नाही. श्वासाच्या संशोधनात मात्र असं बरेच वेळा म्हटलं गेलं.

म्हणून नमुना घेण्याचंच एक शास्त्र झालंय. नाकातोंडातली आणि मोठ्या नळ्यांतली पहिली दीडशे मिलिलिटर हवा वायुकोशांपर्यंत गेलेलीच नसते, ती टाकून द्यायची. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वर चढलं की समजायचं खोलवरची हवा आली, तेवढीच धरायची. ती पिशवीत ठेवली तर पिशवीच्या प्लास्टिकचा वास मिसळतो, म्हणून शोषक पावडर भरलेल्या धातूच्या किंवा काचेच्या नळीत अडकवायची. शिवाय दुसरी एक पद्धत आहे. थंड नळीतून श्वास सोडायला लावायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत जमलेलं दव तपासायचं. त्यात उडून न जाणारे पदार्थही सापडतात, पण दवात ९९ टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी असतं.

शिबिरातला हिशेब

आता समजा यंत्र चांगलं आहे. शंभर रोग्यांपैकी नव्वद पकडतं, शंभर निरोगी माणसांपैकी नव्वदांना निरोगीच म्हणतं. वर्तमानपत्रात '९० टक्के अचूक' म्हणून बातमी येईल. ते घेऊन एका गावात शिबिर लावू. हजार माणसं, त्यांत खरोखर आजारी दहा. यंत्र दहातले नऊ पकडेल. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांना मात्र ते आजारी ठरवेल. म्हणजे १०८ घरांत रडारड, त्यातली ९९ उगीच. त्यातल्या प्रत्येकाचा सीटी स्कॅन, काहींच्या छातीत सुई. कर्करोगासाठी शिबिरात श्वास तपासणारं यंत्र आलंय असं कुणी सांगितलं, तर टक्केवारीच्या आधी हा हिशेब विचारावा.

हाच हिशेब कोविडच्या वेळी समोर आला. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कोविडच्या पहिल्या श्वासचाचणीला तातडीची परवानगी दिली. प्रवासी बॅगेएवढं यंत्र, श्वासातली पाच संयुगं, तीन मिनिटांत निकाल. २,४०९ जणांवरच्या अभ्यासात ९१.२ टक्के रोगी पकडले गेले आणि ९९.३ टक्के निरोगी बरोबर ओळखले गेले. आकडे वरच्या उदाहरणाहून पुष्कळ चांगले. तरी 'आहे' असा निकाल आला तर वेगळ्या चाचणीनं पक्कं करा, अशी अट परवानगीतच होती.

बेडक्याची अडचण

क्षयाच्या बाबतीत मात्र श्वासाची गरज खरी आहे, आणि आपल्या भागाचा या रोगाशी संबंध जुना. औषधं नव्हती तेव्हा मोकळ्या हवेसाठी रोग्यांना पाचगणीला नेऊन ठेवत, मिरजेजवळ वॉनलेसवाडीलाही क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. आजही जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. तपासणीला लागतो बेडका, आणि लहान मुलांना तो काढताच येत नाही. पुष्कळ बायकांना चारचौघांत खाकरायची लाज वाटते. त्या डबीत थुंकी देतात आणि रिपोर्ट कोरा येतो.

इथं एक वेगळी वाट आहे. श्वासात वायू असतात तसे अतिसूक्ष्म तुषारही असतात, आणि क्षय पसरतो तो त्यांतूनच. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संशोधकांनी मास्कच्या आतल्या बाजूला एक खास पट्टी बसवली. रोग्यानं तो मास्क काही वेळ घालायचा, मग पट्टीवर जंतूचा डीएनए आहे का ते बघायचं. यात वासाचा ठसा वगैरे नाही, खुद्द जंतूच पकडायचा. मला ही वाट जास्त भरवशाची वाटते, कारण हळदीचा, चुलीचा, स्पिरिटचा कितीही गोंधळ असला तरी क्षयाचा डीएनए क्षयाच्या जंतूचाच असतो.

सीओपीडीचं काय, असं कुणी विचारेल, कारण आपल्याकडं धाप लागणाऱ्यांत तेच जास्त. सिगारेट कधी न ओढलेल्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, हे पुण्यातल्या छाती-संशोधकांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. चूल हे त्यातलं मोठं कारण. पण सीओपीडीत नायट्रिक ऑक्साइड बहुधा वाढत नाही. तिथं अजून स्पायरोमेट्रीच, जोरात फुंकायची. तीच आपल्या कितीतरी ग्रामीण दवाखान्यांत होत नाही, आणि आपण कर्करोग हुंगणाऱ्या यंत्राच्या बातम्या एकमेकांना पाठवतोय. असो.

५१

आत्याला पंप सुरू झाला. 'एकदा पंप लागला की सुटत नाही' हे तिला शेजारणीनं आधीच सांगून ठेवलेलं. तरी तिनं घेतला. दीड महिन्यानं फुंकर घातली तर आकडा २४. खोकला जवळजवळ गेलेला, रात्रीची झोप लागायला लागली. ती एवढी खूश झाली की मिरजेहून येताना तिनं मला उसाचा रस पाजला.

तीन महिन्यांनी परत गेलो. आता ती सराईत झाली होती, एका फुंकरीत काम. आकडा ५१.

डॉक्टर म्हणाले, "आजी, कसं काय?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी तिला मघाशी गाडीत बीट-पालकाचं सगळं सांगितलं होतं, तेही चांगलं रंगवून. "काल रात्री पालकाची भाजी केलेली," ती म्हणाली. "दोन वाट्या खाल्ली."

"आणि पंप?"

"घेते की. सकाळ-संध्याकाळ, दोन-दोन."

डॉक्टरांनी हात पुढं केला. आत्यानं पिशवीतनं पंप काढून दिला. १२० मात्रांचा तो पंप मीच तिला मिरजेतनं घेऊन दिला होता, मागच्या खेपेला. त्याच्या पाठीमागं एक बारकी खिडकी असते, किती मात्रा उरल्या ते दाखवणारी. डॉक्टरांनी ती माझ्याकडं वळवली. आकडा होता १०४.